चालीची जन्मतारीख

२७ मार्च १९७३ च्या रात्री लॉस एंजेलिस येथे ४५ वा ऑस्कर समारंभ झाला. त्या रात्रीचा विषय निघाला की बहुतेकांना मार्लन ब्रँडो आठवतो. 'द गॉडफादर'मधल्या भूमिकेसाठी मिळालेले सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे पारितोषिक त्याने नाकारले आणि तो नकार सांगायला एका तरुणीला व्यासपीठावर पाठवले. त्याच समारंभात संगीताच्या पारितोषिकाबाबत जे घडले, ते मात्र फारसे कोणाच्या लक्षात राहिले नाही. सर्वोत्कृष्ट मूळ पार्श्वसंगीताचे पारितोषिक चार्ली चॅप्लिनच्या 'लाइमलाइट'ला मिळाले. हा चित्रपट १९५२ सालचा. म्हणजे पारितोषिक मिळाले तेव्हा त्याच्या संगीताला वीस वर्षे होऊन गेली होती. 'गॉडफादर'चे संगीत त्या यादीतून आधीच काढून टाकलेले होते. त्यातली एक धून १९५८ सालच्या एका इटालियन चित्रपटात येऊन गेली होती, हे त्याचे कारण. ती धून कोणाची चोरलेली नव्हती. दोन्ही चित्रपटांचा संगीतकार एकच होता, नीनो रोटा. चौदा वर्षांची धून जुनी म्हणून बाद झाली आणि वीस वर्षांचे संगीत मूळ म्हणून गौरवले गेले.

हे ऐकून प्रथम हसू येते. पण नियम वाचला की दोन्ही निर्णय त्याला धरूनच होते असे दिसते. संगीतकाराने आपलीच चाल पुन्हा वापरली तर ते संगीत पारितोषिकाला पात्र राहते का, या प्रश्नाला हॉलिवूडने वेळोवेळी वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. त्या उत्तरांचा इतिहास आज आपल्यापुढे मांडायचा आहे. प्रश्न परदेशातला असला तरी तो शेवटी आपल्या दारापर्यंत येतो, असे मला वाटते.

आधी नीनो रोटाविषयी थोडे. १९११ साली मिलानमध्ये जन्मलेला हा माणूस बालवयातच संगीतरचनाकार म्हणून गाजला. त्याने रचलेली एक धार्मिक संगीतकथा १९२३ साली सादर झाली, तेव्हा तो अकरा-बारा वर्षांचा होता. पुढे तो अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या कर्टिस संस्थेत शिकला आणि परत येऊन बारी शहरातल्या संगीत विद्यालयाचा दीर्घकाळ संचालक राहिला. ऑपेरा, सिम्फनी आणि वाद्यवृंदासाठी त्याने जन्मभर लिहिले. चित्रपट हे त्याच्या कामाचे अर्धेच अंग होते. तरी जगाला तो ठाऊक आहे तो मुख्यतः फेलिनीचा संगीतकार म्हणून. 'द व्हाइट शेख' (१९५२) पासून 'ऑर्केस्ट्रा रिहर्सल' (१९७८) पर्यंत फेलिनीची साथ त्याने सोडली नाही.

रोटाच्या घरी या दोन अंगांमध्ये भिंत नव्हती. १९४७ साली एका प्रेमगीतावरून त्याने सिम्फनी लिहिली होती. तिच्यातले बरेचसे संगीत पुढे व्हिस्कोन्तीच्या 'द लेपर्ड' (१९६३) या चित्रपटात आले. आपल्या वहीतले काढून योग्य जागी लावावे, असा त्याचा सरळ व्यवहार होता.

'फोर्तुनेल्ला' हा त्या १९५८ सालच्या चित्रपटाचा मान. दिग्दर्शक एदुआर्दो दे फिलिप्पो, पटकथेत फेलिनीचा हात, आणि नायिका फेलिनीची पत्नी ज्युलिएता मासिना. रोममध्ये भंगार-चिंध्यांच्या व्यवहारावर जगणारी, आणि आपण एका राजपुत्राची मुलगी आहोत असे मानणारी ही भोळी बाई. तिच्या कथेला रोटाने एक धून दिली. ती ठसकेबाज चालीवर, जलद लयीत, सर्कशीतल्या बँडसारखी वाजते. ऐकणाऱ्याला गंमत वाटावी आणि थोडी कीवही यावी, असा तिचा रंग.

चौदा वर्षांनी फ्रान्सिस फोर्ड कोपोलाच्या 'गॉडफादर'मध्ये तीच स्वरावली आली. लय संथ झाली आणि वाद्ये बदलली. सिसिलीच्या डोंगराळ मुलखात लपून राहिलेला मायकेल अपोलोनियाला पाहतो, त्या भागात ती ऐकू येते. पुढे तिला इंग्रजी शब्द मिळाले आणि अँडी विल्यम्सने गायलेले ते गीत देशोदेशी पोहोचले. दोन्ही चित्रपट लागोपाठ ऐकले तर स्वर तेच आहेत हे सामान्य कानालाही कळते. आणि त्याच कानाला हेही कळते की दुसऱ्या वेळी ती वेगळीच वस्तू झाली आहे. पहिलीत फजितीचा सूर होता, दुसरीत येऊ घातलेल्या मृत्यूची चाहूल आहे.

१९७३ च्या फेब्रुवारीत ऑस्करची नामांकने जाहीर झाली, तेव्हा 'गॉडफादर'ची अकरा होती आणि त्यांत रोटाचे एक होते. त्यानंतर 'फोर्तुनेल्ला'ची गोष्ट पुढे आली. अकादमीने नामांकन मागे घेतले, संगीत शाखेच्या सभासदांचे मत पुन्हा घेतले आणि रिकाम्या जागी जॉन अॅडिसनचे 'स्लूथ'चे संगीत आले. उरलेल्या चारांत जॉन विल्यम्सचे दोन चित्रपट होते, 'इमेजेस' आणि 'द पोसायडन अॅडव्हेंचर'. बडी बेकरचा 'नेपोलियन अँड समँथा' होता, आणि 'लाइमलाइट'.

वीस वर्षांपूर्वीचा 'लाइमलाइट' तिथे कसा, हे समजून घ्यायला हवे. १९५२ साली चॅप्लिन या चित्रपटासाठी लंडनला निघाला असता अमेरिकेने त्याचा परतीचा परवाना रद्द केला. तो काळ कम्युनिस्टांविषयीच्या संशयाचा होता. चित्रपटाचेही अमेरिकेत नीट प्रदर्शन झाले नाही. ऑस्करच्या नियमाप्रमाणे चित्रपटाचे वय लॉस एंजेलिसमधल्या प्रदर्शनापासून मोजले जात असे, आणि तिथे तो १९७२ मध्ये लागला. म्हणून १९५२ चा चित्रपट १९७२ चा ठरला. त्याची मुख्य धून १९५३ पासून युरोप-अमेरिकेत घरोघर वाजत होती. पण ती याच चित्रपटासाठी रचलेली होती, तेव्हा नियमाची हरकत नव्हती. चॅप्लिनबरोबर ज्यांची नावे होती ते रेमंड रॅश आणि लॅरी रसेल हे दोघेही तोवर वारले होते. त्र्याऐंशी वर्षांच्या चॅप्लिनला स्पर्धेतून मिळालेले हे एकमेव ऑस्कर.

आता त्या 'ओरिजिनल' शब्दाकडे पाहू. मराठीत त्याच्यासाठी निदान दोन शब्द लागतात. एक 'अस्सल', म्हणजे ज्याचे त्याचे, नक्कल नव्हे. दुसरा 'नवे', म्हणजे पूर्वी नसलेले. रोटाची धून अस्सल होती, नवी नव्हती. अकादमीला अभिप्रेत होता तो तिसराच अर्थ: या चित्रपटासाठी म्हणून केलेले. या अर्थाने 'लाइमलाइट' बसतो आणि 'गॉडफादर' अडकतो. नियमात तर्क होता. पण लोक 'ओरिजिनल नाही' हे शब्द ऐकतात तेव्हा त्यांच्या मनात पहिला अर्थ उभा राहतो. संगीतकाराने काही लबाडी केली, असा वास त्या निर्णयाला लागला, आणि तो रोटाच्या नावाला आजही थोडा चिकटलेला आहे. दरम्यान त्याच संगीताला गोल्डन ग्लोब, ग्रॅमी आणि ब्रिटिश अकादमीचे अँथनी अॅस्क्विथ पारितोषिक, अशी तीन मोठी पारितोषिके मिळाली होती. एकाच कामाला एका दारात हार आणि दुसऱ्या दारात मज्जाव.

रोटाच्या देशात ही रीत जुनी होती. रोसिनीच्या 'बार्बर ऑफ सेव्हिल' या ऑपेराचे प्रारंभसंगीत आज हास्याचा नमुना म्हणून वाजवतात. हा ऑपेरा रोममध्ये १८१६ साली रंगमंचावर आला. पण ते प्रारंभसंगीत त्याने त्याआधी दोनदा वापरले होते: १८१३ साली मिलानमध्ये रोमन सम्राट ऑरेलियनच्या कथेला, आणि १८१५ साली नेपल्समध्ये इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीच्या कथेला. दोन्ही कथा गंभीर. तेच स्वर न्हाव्याच्या खोडसाळपणाला इतके चिकटले की पहिल्या दोन जागा लोक विसरूनच गेले. रोसिनीने गंभीर संगीत विनोदाला लावले, रोटाने विनोदी संगीत शोकांतिकेला. रोसिनीच्या काळात ऑपेरा एका गावी वाजला की दुसऱ्या गावाला त्याची वार्ता उशिरा लागे, ध्वनिमुद्रण नव्हते, आणि संगीतकाराला एका हंगामात दोन-तीन ऑपेरा पुरे करावे लागत. आपल्याच घरचे दाणे पुन्हा दळायला काढले तर त्याला कोणी नावे ठेवत नसे.

हॉलिवूडमध्येही प्रारंभी ही बाब अशी तोलली जात नव्हती. याचा उत्तम दाखला म्हणजे एरिक वोल्फगांग कोर्नगोल्ड. हा व्हिएन्नाचा नामवंत संगीतकार, ज्यू घराण्यातला. १९३८ च्या आरंभी वॉर्नर ब्रदर्सने त्याला 'द अॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड'साठी अमेरिकेत बोलावले, आणि त्याच मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केले. या चित्रपटाने आपल्या घरच्यांचे प्राण वाचवले, असे तो मानत असे. चित्रपट लांब, लढायांनी भरलेला, आणि हाती वेळ अगदी थोडा. कोर्नगोल्डने १९१९ साली लिहिलेल्या 'सुर्सुम कोर्दा' या आपल्या वाद्यवृंदरचनेतले संगीत काढले आणि रॉबिन हूडच्या साहसांना लावले. व्हिएन्नात त्या रचनेला फारसे यश मिळाले नव्हते. रॉबिन हूडच्या अंगावर मात्र ती बेतून शिवल्यासारखी बसली. २३ फेब्रुवारी १९३९ रोजी या संगीताला ऑस्कर मिळाले, आणि पारितोषिकाचे नाव काय होते? 'ओरिजिनल स्कोअर'. एकोणीस वर्षांपूर्वीच्या स्वरांबद्दल कोणी हरकत घेतली नाही.

कोर्नगोल्डच्या बाबतीत प्रवाह पुढे उलटाही वाहिला. त्याचा व्हायोलिन कॉन्चेर्टो १९४७ साली सेंट लुईसमध्ये हायफेट्झने प्रथम वाजवला. त्यातल्या धुनी चित्रपटांतून उचललेल्या आहेत, त्याच्या स्वतःच्या चित्रपटांतून. मैफिलीतले संगीत पडद्यावर आले ते मान्य झाले, पडद्यावरचे मैफिलीत गेले तेही आज जगभर वाजते.

मग हा नियम कडक का झाला? त्याची मुळे स्टुडिओंच्या व्यवहारात आहेत. तीस-चाळीसच्या दशकांत प्रत्येक मोठ्या स्टुडिओकडे जुन्या संगीताचा साठा असे. स्वस्तातले चित्रपट आणि मालिकापट त्यातले तुकडे जोडून पुरे केले जात. वादळाला एक तुकडा, पाठलागाला दुसरा, प्रेमाला तिसरा. पारितोषिकासाठी नवे काम आणि साठ्यातले काम वेगळे करणे भागच होते. शिवाय चित्रपटाचे संगीत कराराने स्टुडिओच्या मालकीचे होई. संगीतकार 'माझी चाल' म्हणतो ती कायद्याने पुष्कळदा त्याची नसतेच. चित्रपटात कोणता तुकडा किती सेकंद वाजला, कोणाचा आहे, मालक कोण, याची जी यादी ठेवतात तिला क्यू शीट म्हणतात. ती मुळात पैशाच्या वाटणीसाठी असते. तीच पुढे पात्रतेचा पुरावा झाली.

नियमाच्या बाजूने आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पार्श्वसंगीत करणाऱ्याला बहुधा चित्रपट जवळजवळ पुरा झाल्यावर बोलावतात. थोड्या आठवड्यांत, सेकंद मोजून, त्याने सगळे नवे लिहायचे. असा माणूस स्पर्धेत असताना शेजारचा जर तीस वर्षांच्या वहीतली सर्वांत चांगली चाल काढून आणू लागला, तर सामना बरोबरीचा राहत नाही. 'स्लूथ'च्या अॅडिसनला मिळालेली जागा त्याच्या हक्काची नव्हती, असे म्हणता येणार नाही.

तरी दोनच वर्षांत नियमाची गाठ पुन्हा रोटाशी पडली. 'द गॉडफादर, भाग दुसरा' आला. त्यात नवे संगीत भरपूर होते, आणि पहिल्या भागातल्या धुनीही होत्या. ज्या धुनीमुळे १९७३ साली नामांकन गेले तीही होती. ८ एप्रिल १९७५ रोजी मूळ पार्श्वसंगीताचे ऑस्कर रोटा आणि दिग्दर्शकाचे वडील कार्माइन कोपोला यांना मिळाले. मागच्या वेळी एका धुनीने सगळे संगीत बुडवले होते; या वेळी तीच धून इतरांबरोबर तरून गेली. चार वर्षांनी, १९७९ च्या एप्रिलमध्ये, रोटा रोममध्ये वारला.

नंतरच्या काळात अकादमीने एक वेगळे सूत्र धरले: आधीच असलेल्या संगीतामुळे मूळ संगीत पातळ झालेले नसावे. दुधात पाणी किती, असा हा हिशोब. २००७ च्या 'देअर विल बी ब्लड'ला जॉनी ग्रीनवुडचे संगीत होते. तेलाच्या विहिरींवर तंतुवाद्यांचा जो घोंगावणारा आवाज येतो, त्याने अनेकांना अस्वस्थ केले. पण त्यातला काही भाग ग्रीनवुडने २००५ साली बीबीसीच्या वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या रचनेतून आला होता, आणि चित्रपटात ब्राह्म्स व आर्व्हो पेर्टचे संगीतही होते. ऑस्करने ते अपात्र ठरवले. त्याच वर्षी, २००८ च्या बर्लिन महोत्सवात, त्याच संगीतासाठी ग्रीनवुडला रौप्य अस्वल मिळाले. इथेही दुसऱ्याचे ब्राह्म्स आणि स्वतःची तीन वर्षांपूर्वीची रचना एकाच मापाने मोजली गेली.

अलीकडे मापाला आकडे आले. २०२० मध्ये ठरले की संगीतातला निदान ६० टक्के भाग नवा हवा. पुढच्याच वर्षी हे प्रमाण ३५ टक्क्यांवर आले. चित्रपटमालिकेतल्या पुढच्या भागांना मात्र ८० टक्के नवे संगीत हवे. आधीच्या भागातले पाचव्या हिश्शापेक्षा जास्त चालणार नाही. 'स्टार वॉर्स'च्या २०१५, २०१७ आणि २०१९ च्या तिन्ही भागांसाठी जॉन विल्यम्सला नामांकन मिळाले होते, आणि त्या तिन्हींत १९७७ पासूनच्या धुनी खेळत होत्या. नव्या नियमानंतरही इंडियाना जोन्सच्या २०२३ च्या भागासाठी त्याला नामांकन मिळाले. हान्स झिमर मात्र अडकला. 'ड्यून'साठी त्याला २०२२ मध्ये ऑस्कर मिळाले. 'ड्यून, भाग दुसरा' हा चित्रपट पहिल्या भागातले संगीत जास्त असल्यामुळे पुढे अपात्र ठरला. त्याच दुसऱ्या भागाला २०२५ मध्ये ग्रॅमी मिळाले. एक कथा दोन भागांत सांगायची आणि दुसऱ्या भागात पहिल्याचे सूर परत आणायचे, हे तर पार्श्वसंगीताचे मुख्य काम. मूळ पात्र परत आले की त्याचा सूर परत यायलाच हवा.

आजच्या ३५ टक्क्यांच्या मापाने 'गॉडफादर'चे नामांकन टिकले असते असे मला वाटते. चित्रपटाच्या आरंभी एकट्या ट्रम्पेटवर येणारी धून आणि तिच्यातून निघालेले वॉल्ट्झ, हे सारे 'फोर्तुनेल्ला'मधले नव्हे. पण टक्केवारीने मूळ गुंता सुटत नाही. एक धून दोनच मिनिटे वाजते आणि सगळ्या चित्रपटाचा प्राण होते. दुसरी वीस मिनिटे वाजते आणि कोणाला आठवत नाही. घड्याळ मिनिटे मोजते, वजन मोजत नाही.

आता आपल्या घरी येऊ. आपल्या बडोद्यात मराठी संगीत नाटकांची जुनी पुस्तके आणि गुजराती स्तवनांच्या वह्या एकाच कपाटात सापडतात. दोन्ही उघडून पाहा. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आले. तिथपासून छापील नाटकात पदाच्या डोक्यावर 'चाल' अशी नोंद असे, आणि पुढे ज्या जुन्या गाण्याची चाल घेतली त्याचा आरंभ. लावणी असो, कानडी पद असो, हिंदुस्थानी चीज असो, ते गाणे नावानिशी तिथे हजर. १९११ च्या 'मानापमाना'साठी गोविंदराव टेंब्यांनी उत्तरेकडच्या ठुमरी-कजरीच्या ढंगाच्या चाली आणल्या, आणि त्यामुळे कोणी त्यांना कमी लेखले नाही. चाल जुनी असणे हा दोष नव्हता. ती कुठली, हे सांगायची रीत होती.

आमच्या घरी लहानपणी आईच्या हाती असणाऱ्या स्तवनांच्या पुस्तकातही हेच होते. तिथे शब्द 'देशी' असा असे. जैन साधूंनी शेकडो वर्षे रास आणि स्तवने लोकांच्या ओळखीच्या चालींवर रचली आणि कोणत्या गाण्याची देशी घेतली ते वर लिहून ठेवले. मोहनलाल दलीचंद देसाई यांनी 'जैन गूर्जर कविओ'मध्ये अशा देशींची मोठी सूचीच दिली आहे. ती अभ्यासकांना मोलाची वाटते, याचे कारण पाहण्यासारखे आहे. कित्येक लोकगीतांचे बाकीचे शब्द काळाच्या ओघात गेले. पहिली ओळ तेवढी या नोंदीमुळे राहिली. शेतावर, पाणवठ्यावर गाणाऱ्या कोणा बाईचे गाणे धर्मग्रंथाच्या डोक्यावर नोंदले गेले म्हणून वाचले.

मला या विषयाचे मर्म इथे दिसते. जुनी चाल नव्या जागी जाते तेव्हा बहुधा लहान घरातून मोठ्या घरात जाते. 'फोर्तुनेल्ला'मधून 'गॉडफादर'मध्ये गेली. 'फोर्तुनेल्ला' आज कोणाला आठवतो? आठवला तर 'गॉडफादर'चे नामांकन घालवणारा चित्रपट म्हणून. ज्या घरी ती चाल जन्मली, त्या घराला तिच्या कीर्तीतला वाटा मिळालाच नाही.

मराठीला हे नवे नाही. 'जत्रा' (२००६) मधले 'कोंबडी पळाली' हे वैशाली सामंत आणि आनंद शिंदे यांचे गाणे अजय-अतुल यांनीच २०१२ च्या 'अग्निपथ'मध्ये 'चिकनी चमेली' म्हणून आणले. 'सैराट'च्या (२०१६) संगीताचा काही भाग लॉस एंजेलिसमध्ये ध्वनिमुद्रित झाला होता. म्हणजे ऑस्करच्याच गावी. त्यातले 'झिंगाट' आणि 'याड लागलं'ची चाल २०१८ च्या 'धडक'मध्ये हिंदीत गेली. चाली त्यांच्याच, त्यांनी त्या पुन्हा वापरल्या यात गैर काहीच नाही. सलील चौधरींनीही आपल्या बंगाली चाली हिंदीत आणल्या; 'आनंद'मधले लताबाईंचे 'ना जिया लागे ना' आधी बंगालीत त्यांनीच गायलेले होते. तरी बडोद्यातल्या किंवा इंदूरातल्या मराठी घरातही आज लग्नाच्या वरातीत हिंदी शब्द आधी येतात, आणि मुलांना ते मूळ वाटते. संगीतकाराचे नाव दोन्हीकडे राहते. मागे राहतो तो पहिला गीतकार, पहिला गायक आणि पहिली भाषा.

कायद्याने यातले थोडे सावरले आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने चित्रपटातल्या गीत-संगीताचा पहिला मालक निर्माता ठरला होता. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांचा मानधनातला वाटा त्यांच्यापासून कराराने काढून घेता येणार नाही, असे ठरवले. पण पैशाचा वाटा वेगळा आणि उल्लेखाचा वाटा वेगळा.

माझ्या दवाखान्यात रुग्णाच्या कागदावर आधी दिलेले औषध लिहिलेले असते. तेच औषध दुसऱ्या वेळी, वेगळ्या त्रासासाठी, वेगळ्या मात्रेत देण्यात काहीच चूक नाही. कित्येकदा तेच लागू पडते. मागची नोंद न करता देणे मात्र चूक. पारितोषिक देणाऱ्यांनीही चालीच्या जन्मतारखेवरून तिला बाद करण्यापेक्षा तो कागद मागावा, असे माझे मत आहे. चाल कुठून आली हे चित्रपटाच्या श्रेयनामावलीत लिहिले आहे का? पूर्वीच्या गीतकाराचे आणि चित्रपटाचे नाव आहे का? आणि मग, नव्या जागी तिने काय केले? रोटाला १९७३ साली हे तीन प्रश्न विचारले असते, तर 'फोर्तुनेल्ला'चे नाव 'गॉडफादर'च्या पडद्यावर आले असते आणि नामांकनही राहिले असते.

हॉलिवूडचे नियम आपल्या हाती नाहीत. आपल्या मंडळाच्या सुगम संगीताच्या कार्यक्रमाचे निवेदन मात्र आपल्या हाती आहे. पुढच्या वेळी हिंदी गाणे सादर होईल तेव्हा, त्याची चाल आधी मराठीत आली असेल तर, निवेदकाने ते गाणे, त्याचा गीतकार आणि गायक यांची नावे आधी घ्यावीत. आपल्या आजोबांच्या पुस्तकात ती पदाच्या डोक्यावर छापलेली असत. निवेदकाला त्यासाठी अर्धे मिनिटही लागणार नाही.